धुळाने राखलेली ओल

एका डोंगराच्या अगदी माथ्यावर, जिथे ढगसुद्धा दम खायला थांबतात, तिथे एक भोळा माणूस राहत होता. त्याचं नाव धुळा आणि वाडीचं नाव ढगमाथा. धुळा कष्टाळू होता, मनाने साफ होता, आणि त्याच्यात एक मोठा गुण होता. एकदा सांगितलेली गोष्ट तो कधी म्हणजे कधी विसरत नसे. वाडीवर आजवर जेवढी संकटं आली, त्यातली निम्मी या गुणामुळेच आली.

त्याची बायको बायडा. घरात एक शहाणं माणूस असलं की भागतं, आणि ते माणूस बायडा होती.

बायडाची एक तांबडी कोंबडी होती. आता कोंबडी ती कोंबडी, तिचं काय एवढं, असं तुम्ही म्हणाल. पण बायडा लग्न होऊन निघाली तेव्हा तिच्या आईने पाटीत घालून तिला एक कोंबडी दिली होती. ती पाटी डोक्यावर घेऊन नवी नवरी अख्खा घाट चढून आली होती. तांबडी ही त्या कोंबडीची नात. आई आता राहिली नव्हती. आईच्या हातचं म्हणावं असं बायडाकडे उरलं होतं ते एवढंच, आणि तेही आरवणाऱ्या-फडफडणाऱ्या जातीतलं.

शिमगा झाला. तांबडी अकरा अंड्यांवर खुडूक बसली. आणि एका सकाळी रानमांजराने तिला उचललं. मागे राहिली मूठभर पिसं आणि अकरा कोमट अंडी.

बायडा रडली. मग तिने डोळे पुसले आणि खालच्या गावात भावाला निरोप धाडला. तिचा भाऊ संपत कोंबड्यांचाच धंदा करी. तो त्याच दिवशी उबवणीची पेटी घेऊन आला. लाकडी पेटी, वर काचेचं झाकण, आत ऊब द्यायला विजेचा दिवा, पाण्याचं भांडं, आणि आत किती ओल आहे ते दाखवणारा एक काटा. काट्याच्या तबकडीवर एक लाल रेघ.

"ताई, ऊब मशीन बघंल," संपत म्हणाला. "ओल तुला बघावी लागंल. काटा रेघंच्या खाली गेला की अंडी आतल्या आत सुकत्यात. खाली आमच्याकडं काय वाटत न्हाई. पर हितं वर वारा लई कोरडा."

बायडाने पहिले काही दिवस अंडी डोळ्यांत तेल घालून सांभाळली. मग खालून निरोप आला की संपतच्या बायकोचे दिवस भरले आहेत आणि घरात दुसरं बाईमाणूस नाही. भावाने पेटी दिली, आता बहिणीने नको कसं म्हणायचं? बायडाने लुगडं बोचक्यात बांधलं आणि नवऱ्याला समोर बसवलं.

"अवं, नीट ऐका. पाणी आटू द्यायचं न्हाई. काटा रेघंखाली आला की पाणी घालायचं. दिवसातनं तीनदा अंड्यांची कूस पालटायची. आन् काय बी अडलं तर खडकावर जाऊन मला फोन करायचा. आपल्या मनानं काय करायचं न्हाई. माझ्या आईची एवढीच खूण राहिलीया."

"अडलं की खडकावर जाऊन तुला फोन," धुळा म्हणाला. "ध्यानात ठिवलं."

खडकाचं असं होतं की ढगमाथ्यावर फोनला फक्त तिथेच रेंज येई. वाडीत बाकी कुठेही फोनचा उपयोग म्हणजे वेळ बघायला आणि अंधारात उजेड पाडायला.

बायडा घाट उतरली आणि इकडे काटा उतरला. धुळाने लगेच तांब्याभर पाणी घातलं. काटा हलला नाही. त्याने आणखी एक तांब्या घातला. काटा हलला नाही. काट्याला चढायला थोडा वेळ लागतो हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून त्याने घागर आणली. दुसऱ्या घागरीला अंडी तरंगू लागली. ती एकमेकांना धक्के देत गोल गोल फिरत होती. कूस आपोआप पालटली जाते आहे हे पाहून धुळाला बरं वाटलं, आणि ही खुशखबर सांगायला तो खडकावर गेला.

बायडा खालून एवढ्या जोरात बोलली की फोन नसता तरी ऐकू आलं असतं.

"अवं, पाणी अंड्यास्नी न्हाई पाजायचं, हवेला पाजायचं. आदी पाणी काढा. अंडी अल्लाद पुसा. मग परातीत बोटभर पाणी ठिवा, पसरट भांड्यातलं पाणी हवेत लवकर जातं. आन् वर एक वलं फडकं टांगा. फडकं वाळाय लागलं की पुन्यांदा भिजवा. कायबी सुकू द्यायचं न्हाई."

"कायबी सुकू द्यायचं न्हाई," धुळा म्हणाला. "ध्यानात ठिवलं."

त्याने घरी जाऊन सगळं तसंच केलं. काटा चढला. अंडी शाबूत राहिली, कारण ती तांबडीच्या पोटची होती, धुळाच्या डोक्यातून आलेली नव्हती.

शेजारी अंशीआजी राहायची. बायडा नसताना धुळाच्या दोन भाकरी तीच करी. दुसऱ्या दिवशी तिने अंगणात धोतरावर कुरडया घातल्या. पहाटेपासून चीक घोटून म्हातारीचे हात भरून आले होते. ती म्हणाली, "धुळा, मी जरा पाठ टेकते. वाळवणाकडं ध्यान ठिव रं बाबा."

धुळा ध्यान ठेवून बसला. थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आलं की कुरडया सुकायला लागल्या आहेत. कडेच्या तर पार कडक झाल्या होत्या. धुळा घाबरला. त्याने घरातलं एक लुगडं बुडवून आणलं आणि पसरलं. ते वाळायला लागलं तसं पुन्हा भिजवलं. कोरड्या वाऱ्याशी तो एकटा झुंजत राहिला, आणि आजी उठून आली तेव्हा धोतरावर कुरडया नव्हत्या, चीक होता. तोही पातळ.

"वाचवल्या, आजी," धुळा म्हणाला. "मी हितं नसतो तर काय खरं नव्हतं."

आजीने धोतराचं टोक उचलून पाहिलं. मग कपाळावर हात मारून म्हणाली, "आरं बाबा, घरच्या बाईनं जीव वतून केलेली वस्तू हाय ही. तिला ऊन दावावं, वारा दावावा. दारात पसरावी आन् मधनं मधनं पालटावी. समजलं का?"

"समजलं. ध्यानात ठिवलं."

घरात बायडाने जीव ओतून सांभाळलेली वस्तू एकच होती. दुसऱ्या दिवशी ऊन चढताच धुळाने अंगणात कांबळं अंथरलं, पेटीतून अकरा अंडी काढली आणि ओळीने पसरली. मधून मधून तो ती पालटत होता. कावळा आला की हाकलत होता. वारा झकास सुटला होता. पेटीपाशी बसून कंटाळण्यापेक्षा हे बरं, असं त्याला वाटलं, आणि तेवढ्यात आजीने त्याला पाहिलं. आजी त्या वयातही धावली. तिने अंडी पदरात गोळा करून पेटीत ठेवली, आणि धुळाच्या दंडाला धरून त्याला खडकावर नेलं.

या वेळी बायडा ओरडली नाही. ती रडली. ते धुळाला जास्त लागलं.

"अवं, आईची अंडी हायती ती," ती म्हणाली. "उबेच्या जागी वाऱ्याची झुळूक बी जाऊ द्यायची न्हाई. फटी बुजवायच्या. भोक दिसलं तिथं बोळा घालायचा. एवढं करा माझ्यासाठी."

"तुझ्यासाठी करीन," धुळा म्हणाला, आणि त्याच्याही डोळ्यांत पाणी आलं. "ध्यानात ठिवलं."

घरी येऊन त्याने खिडकी लावली, दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या, पेटीच्या बाजूच्या झरोक्यांतही बोळे घातले. मग तो विचार करू लागला, की वाडीत आणखी उबेची जागा कुठली. आजीची चूल. आजी भाकरी करत होती आणि चुलीच्या बरोबर वर, छपराला, एवढं मोठं भोक होतं. धुळा छपरावर चढला. त्याने आपली गोधडी त्या भोकात गच्च बसवली.

आधी आतून खोकला ऐकू आला. मग आजी बाहेर आली, एका हातात उलथनं आणि एका हातात अर्धी भाजलेली भाकरी. तिच्यामागून धूर आला, धुरामागून मांजर आलं.

"आरं मुडद्या," आजी म्हणाली, "मी आत हाय न्हवं? आदीच ह्या माथ्यावर हवा पातळ. जिथं जीव कोंडलाय तिथं वर एक भोक ठिवावं. श्वास घ्याया नगं?"

धुळाला ते पटलं. जेवायला बसला तेव्हा त्याला आजीची लोणच्याची बरणी दिसली. तोंडाला फडक्याचा दादरा गच्च बांधलेला. त्याने दादऱ्याला बोटाएवढं भोक पाडलं. मुंग्यांची सोय झाली.

पण त्याच भोकाची आठवण ठेवून त्याने पेटीच्या बाजूच्या झरोक्यांतले चिंध्यांचे बोळेही काढले, हे मात्र चांगलं झालं. अशी एखादी गोष्ट त्याच्या हातून मधूनच बरोबर होई. त्याचं त्यालाही ते कळत नसे.

आता झरोके उघडल्यावर काटा पुन्हा खाली आला. परात भरलेली, फडकं ओलं, तरी काटा लाल रेघेच्या खालीच. धुळाने पुन्हा खडक गाठला. या वेळी फोन संपतने घेतला.

"दाजी, तुमची चूक न्हाई," संपत म्हणाला. हे वाक्य धुळा जन्मात पहिल्यांदा ऐकत होता. "हे सगळं उंचीमुळं हुतंय. माझी पेटी हितं खाली झकास चालती. तुमी पडलात उंचावर. उंचावर हवा विरळ, मग अंड्यातली ओल कवचातनं भसाभस भायेर पडती. जेवढं खाली, तेवढी ओल चांगली राहती."

"जेवढं खाली, तेवढी ओल," धुळा म्हणाला. "आदीच सांगायचं की."

पेटी फळीवर होती. धुळाने ती उतरवून पाटावर ठेवली. काटा हलला नाही. पाट काढला आणि जमिनीवर ठेवली. काटा हलला नाही. आता जमिनीच्या खाली जायचं तर खणायला हवं, यात न समजण्यासारखं काय आहे? त्याने कुदळ घेतली.

दाराच्या आत, उंबऱ्याला लागून, जमीन मऊ होती. तिथे त्याने खणायला सुरुवात केली. गुडघ्याइतकं झालं. कमरेइतकं झालं. तो खाली खाली जात होता आणि त्याच्या मनाने आता खालचं गाव फार लांब नव्हतं. खड्डा छातीइतका झाला तेव्हा तो वर आला, पेटी उचलली, आणि मग त्याला दिसलं की पेटीची वायर भिंतीतल्या बटणापासून खड्ड्यापर्यंत पोचत नाही.

दुसरा माणूस इथे चिडला असता. धुळाने बटणाच्या बरोबर खाली दुसरा खड्डा खणला. हा कमरेइतकाच झाला, पुढे खडक लागला. पेटी त्यात अलगद बसली.

पहिला खड्डा बुजवायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. शिवाय ताजी माती ओली होती, आणि कायबी सुकू द्यायचं न्हाई हे त्याच्या ध्यानात होतं. म्हणून त्याने त्या खड्ड्यावर एक ओलं गोणपाट पसरलं, कडेने माती दाबली, आणि रोज सकाळी तो त्याच्यावर पाणी शिंपडू लागला. गोणपाट जमिनीसारखंच दिसू लागलं. तो स्वतः कडेकडेने चाले.

आणि काटा चढला. खड्ड्यातल्या ओलसर मातीत, वाऱ्यापासून आडोशाला, काटा लाल रेघेच्या वर गेला आणि तिथेच राहिला. आजी धुळाच्या मागोमाग कडेकडेने बघायला आली. तिने पेटीच्या खड्ड्याकडे पाहिलं, मग काट्याकडे पाहिलं, आणि घरी जाऊन चुलीपुढे बसली.

धुळाने फोन करून सांगितलं, "काटा वर हाय." बायडाचा विश्वास बसेना. तिने आजीला फोनवर बोलावलं. आजी म्हणाली, "काटा वर हाय ग बाई. बाकीचं आल्यावर बघ." बायडाने बाकीचं विचारलं नाही. तिकडे भावजयीच्या कळा सुरू झाल्या होत्या, आणि काटा वर आहे म्हटल्यावर तिच्या जीवात जीव आला होता.

"आता शेवटचं सांगते," ती म्हणाली. "अंडी फुटायचे दिस आलं. आजपासनं कूस पालटायची न्हाई आन् झाकण उघडायचं न्हाई. आतनं टकटक यील. पिल्लू वरडंल, धडपडंल. तुमाला वाटंल हात लावावा. लावायचा न्हाई. मदत केली की आतली ओल जाती, पिल्लाच्या अंगाला आतलं कातडं चिकटतं आन् पिल्लू मरतं. त्येचं त्येनंच भायेर यायचं आसतं. वरडतंय म्हंजे जित्तं हाय, असं समजायचं."

"किती बी वरडलं तरी?"

"किती बी वरडलं तरी."

"मदत करायची न्हाई," धुळा म्हणाला. "ध्यानात ठिवलं."

त्याने ते असं पाळलं की काय सांगावं. पहिलं टकटक ऐकू आलं तेव्हा त्याने दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले. अंड्याला बारीक भोक पडलं. त्यातून चोच दिसली. पिल्लू चिवचिवलं, थांबलं, पुन्हा चिवचिवलं. धुळा खड्ड्याच्या काठावर बसून नुसता म्हणत राहिला, "वरड बाबा, वरड. जित्ता हायस." पहिलं पिल्लू ओलंचिंब बाहेर पडलं. तांबडंलाल होतं. मग दुसरं आलं. दुपार कलली तेव्हा काचेआड सात पिल्लं एकमेकांच्या अंगावर पडत होती. धुळाने उभ्या आयुष्यात इतकी मोठी गोष्ट बिनचूक केली नव्हती.

त्याच दिवशी बायडा घाट चढत होती. भावजयीला मुलगी झाली होती आणि दोघी सुखरूप होत्या. आता बायडाला धीर निघेना. पेटीत काय असेल, काय नसेल, या विचाराने ती अर्ध्या वाटेपासून पळतच आली. डोक्यावर बोचकं, पदर खोचलेला. तिने दार ढकललं, फटीतल्या चिंध्या गळून पडल्या. "अवं, अंडी," एवढं म्हणून तिने उंबऱ्याच्या आत पाय टाकला.

गोणपाटासकट बायडा खाली गेली.

खाली माती मऊ होती म्हणून हाडं शाबूत राहिली, पण पाय मुरगळला. खड्डा छातीइतका, धुळाच्या छातीइतका, म्हणजे बायडाचे नुसते डोळे वर.

"अवं," ती म्हणाली, "हात द्या."

धुळा काठावर येऊन बसला. त्याने हात पुढे केला. मग झटकन मागे घेतला आणि पाठीमागे बांधला.

"न्हाई," तो म्हणाला. "मदत करायची न्हाई. तुझं तूच भायेर यायचं."

"अवं, मी बायडा हाय."

"व्हय. वरडतीस म्हंजे जित्ती हायस."

बायडाचा पाय टिकेना; ती खाली बसली आणि मग खरंच ओरडली. धुळाला भरून आलं, पण तो डगमगला नाही. आतली ओल जाऊ नये म्हणून त्याने खड्ड्यावर फळी टाकली. फळीवर दुसरं गोणपाट भिजवून घातलं. फटी चिंध्यांनी बुजवल्या. आणि आत जीव आहे, श्वास घ्याया नगं का, म्हणून मधोमध एक भोक ठेवलं. शिकलेलं सगळं असं एका जागी कामाला आलेलं पाहून त्याला समाधान वाटलं.

इतक्यात घराच्या त्या कोपऱ्यातून चिवचिव ऐकू आली. एक आवाज, मग दोन, मग सगळी एकदम.

खड्ड्यातल्या बायडाने भोकाकडे कान केला.

"अवं," भोकातून हळूच आवाज आला, "किती हायती?"

"काचेतनं सात दिसत्यात. आठवं टोचा मारतंय."

"रंग कसा?"

"तांबडा."

बायडा त्या ओल्या मातीत मुरगळलेला पाय धरून पोटभर रडली. आईची कोंबडी राहिली होती. डोक्यावर फळी होती, अंगावर गोणपाटाचं पाणी ठिबकत होतं, आणि तिला एवढा आनंद झाला होता की नवऱ्यावर रागवायचंसुद्धा ती घटकाभर विसरली.

मग ती अगदी गोडीने म्हणाली, "लई चांगलं केलंत तुमी. माझ्या आईची खूण राखलीत. आता फळी काढा आन् मला वर घ्या."

धुळा पेचात पडला. मदत करायची न्हाई असं बायडानेच सांगितलं होतं. मदत करा असंही बायडाच सांगत होती. कुणाचं ऐकायचं? तो डोकं खाजवत उभा राहिला, आणि एकदम त्याचा चेहरा उजळला. अडलं तर काय करायचं, तेही त्याला सांगून ठेवलेलं होतं.

"जरा दम धर," तो भोकाला तोंड लावून म्हणाला. "इचारून येतो."

तो पळत खडकावर गेला. अंशीआजी तिथे नव्याने घातलेल्या कुरडया राखत बसली होती. धुळाला पाहताच तिने धोतर आपल्याकडे ओढून घेतलं. धुळा खडकाच्या टोकावर उभा राहिला आणि त्याने बायडाला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला.

"कुणाला लावतोस रं?" आजीने विचारलं.

"बायडाला. एक मोठी अडचण आलीया."

"लागत न्हाई?"

"न्हाई," धुळा म्हणाला, आणि फोन मांडीवर ठेवून खडकावर निवांत टेकून बसला. "कायतरी कामात अडकली आसंल. मोकळी झाली की तीच करंल."